पोरकी टिपणं आणि नारोशंकराची घंटा

नाशकात पूर आला की धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं ते बातमीत येतं. माणसं मात्र एकमेकांना विचारतात, ‘दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलंय?’ गोदाकाठच्या त्या मूर्तीच्या कमरेपर्यंत की छातीपर्यंत, ही या शहराची मोजपट्टी. माझ्या संगणकावर नाशिकविषयीच्या टिपणांचा एक संग्रह आहे. त्यात गंगापूर धरणाच्या विसर्गाचं टिपण आहे, दुतोंड्या मारुतीचं आहे आणि नारोशंकर मंदिरातल्या घंटेचंही आहे. एके दिवशी सॉफ्टवेअरनं ही तिन्ही टिपणं ‘कशालाच न जोडलेली’ म्हणून बाजूला काढून दाखवली. तिन्ही एकाच पुराच्या गोष्टी; कुणाही नाशिककराला हसू येईल. पण चूक सॉफ्टवेअरची नव्हती.

ऑब्सिडियन किंवा लॉगसेक यांसारख्या टिपणं ठेवायच्या साधनांत दुसऱ्या टिपणाचं नाव दुहेरी चौकटी कंसात लिहिलं की दुवा तयार होतो. असे दुवे नसलेल्या टिपणाला इंग्रजीत ‘ऑर्फन’ म्हणतात. मराठी विकिपीडिया 2003 साली सुरू झाला. तिथं अशा पानांची यादी आपोआप बनते आणि तिचं नाव आहे ‘पोरकी पाने’. मी तोच शब्द उचलला. आता या पोरक्या टिपणांविषयीचे गैरसमज.

गैरसमज : पोरकं टिपण म्हणजे कशाशीच संबंध नसलेलं टिपण.

सॉफ्टवेअर दुवे मोजतं, संबंध नाही. शिवाय मोजण्याची रीतही सगळीकडे एक नाही. ऑब्सिडियनचा आलेख, म्हणजे दुव्यांचा नकाशा, ज्या टिपणाला येणारा आणि जाणारा असा एकही दुवा नाही त्यालाच पोरकं धरतो. विकिपीडियाची यादी आणि काही प्लगइन फक्त येणारे दुवे बघतात. त्या टिपणातून बाहेर दहा दुवे गेले असले तरी ते पोरकंच. त्यामुळे एकाच संग्रहाच्या दोन याद्या वेगवेगळ्या लांबीच्या निघतात. त्यात रोजनिशीची पानं, नमुना-पानं आणि फोटोही घुसतात. ते आधी वगळा, मग घाबरायचं तर घाबरा.

गैरसमज : नाव कुठंही आलेलं असलं तरी सॉफ्टवेअर ते हुडकून देतंच.

खरा घोळ इथं आहे, आणि तो खास आपला आहे. ऑब्सिडियनमध्ये ‘अनलिंक्ड मेन्शन्स’ नावाची सोय आहे : टिपणाचं शीर्षक इतर टिपणांत आलंय पण दुवा दिलेला नाही, अशा जागा ती दाखवते. लॉगसेकमध्येही तशी सोय आहे. इंग्रजीत ही युक्ती छान चालते, कारण तिथं नावाचं रूप सहसा बदलत नाही. मराठीत विभक्ती लागायच्या आधीच शब्दाचं सामान्यरूप होतं. ‘नाशिक’चं ‘नाशकात’ झालं, ‘घंटा’चं ‘घंटेचा’ झालं, ‘कारंजा’चं ‘कारंज्यावर’ झालं की अक्षरं जशीच्या तशी जुळवून पाहणारं यंत्र पुढे निघून जातं. माझ्या टिपणांत ‘घंटेचा आवाज’ होता, ‘घंटेपर्यंत पाणी’ होतं. नुसती ‘घंटा’ शीर्षकाखेरीज कुठंच नव्हती.

त्यात नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतात. ‘गंगेवर जाऊन येतो’ हे वाक्य यंत्रानं कुठं जोडावं? वाराणसीला? वसई जिंकणारे चिमाजी अप्पा एका टिपणात ‘अप्पा’, दुसऱ्यात ‘आप्पा’. आणि ‘ॲ’ हे अक्षर दोन प्रकारे टंकता येतं, एकसंध किंवा अ वर चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात, पण आतले संकेतांक वेगळे असतात.

उपाय किचकट नाही. ऑब्सिडियनमध्ये टिपणाच्या माथ्यावर उपनावांची जागा असते. तिथं ‘नाशकात’, ‘नाशकाला’, ‘नाशकातल्या’ ही रूपं लिहून ठेवायची. दुवा देताना मूळ नाव, मग उभी रेघ, मग वाक्यात हवं ते रूप लिहायचं. गोदावरीला मात्र मी ‘गंगा’ हे उपनाव दिलं नाही. ते दुवे हातानं दिले.

गैरसमज : सगळं एका मुख्य टिपणाला जोडलं की काम झालं.

हे मी करून पाहिलंय. सगळी टिपणं ‘नाशिक’ला जोडली आणि पोरकी यादी पाच मिनिटांत रिकामी झाली. आलेखात झकास चांदणी दिसली. हाती काही लागलं नाही. समाजशास्त्रज्ञ निकलास लुहमान यांच्या पेट्यांत सुमारे 90,000 चिठ्ठ्या होत्या, आणि न जोडलेली चिठ्ठी पेटीत हरवते असं ते म्हणत. पण त्यांचे दुवे एका विचारातून दुसऱ्या विचारात जायचे, सगळे एकाच मथळ्याकडे नाही.

गैरसमज : पोरकं ते पुसावं.

नको. ऑब्सिडियनची टिपणं म्हणजे साध्या मजकुराच्या फायली. जागा नगण्य लागते.

गैरसमज : आता हे एआय करेल.

अर्थाच्या जवळिकीवरून टिपणं सुचवणारी प्लगइन आहेत आणि ती उपयोगीही पडतात. (मजकूर बाहेरच्या सर्व्हरवर जातो का, तेवढं आधी पाहा.) पण ती साम्य शोधतात. विसर्गाच्या टिपणात आकडे होते. घंटेच्या टिपणात, ती जिथून आली त्या वसईचा 1739 चा विजय होता. दोन्हींत साम्य ते काय? पाणी गंगापूरहून निघतं, रामकुंडाजवळ मारुतीला भिडतं, 2016 च्या ऑगस्टमध्ये शिरलं तसं सराफ बाजारात शिरतं, आणि फारच चढलं तर घंटेपर्यंत पोहोचतं असं जुने लोक सांगतात. हा क्रम कुठल्याच टिपणात लिहिलेला नव्हता. तो पावसाळ्यात होळकर पुलावर उभं राहून पाहिलेला होता.

इथले तीर्थपुरोहित शेकडो वह्यांतून घराण्याची नोंद काढतात ती ‘गाव कोणतं, आडनाव काय?’ एवढं विचारून. आपल्या पोरक्या टिपणालाही असंच काहीतरी विचारावं लागतं. आठवड्याला पाच टिपणं उघडा, आणि दुवा दिलात तर तो का दिला ते शेजारी एका वाक्यात लिहा. सहा महिन्यांनी नुसत्या दुव्यावरून काहीच आठवत नाही.