डांस नव्हे, टिप्युला!

पावसाळ्यांत दिवेलागणीच्या वेळीं लांबलचक पायांचा एखादा किडा भिंतीवर आपटत घरांत शिरतो. 'अबब! केवढा हा डांस!' म्हणून मुलें ओरडूं लागतात आणि कोणीतरी केरसुणी उगारतें. परंतु हा डांस नव्हे. या कीटकांच्या हजारों जाती जगभर पसरलेल्या असून, त्यांपैकीं युरोपांत सर्वांच्या परिचयाची 'टिप्युला पालुडोसा' ही जात आपण पाहूं.

हिचें शरीर सडपातळ, करड्या तपकिरी रंगाचें व सुमारें दोन सेंटिमीटर लांब असतें. पंख दोनच; मागच्या पंखांच्या जागीं टांचणीसारख्या दोन दांड्या असतात व उडतांना तोल सांभाळण्याचें काम त्या करतात. पाय इतके तकलादू, कीं शत्रूच्या तावडींत एखादा सांपडला तर तो तेथेंच सोडून माशी निसटते. मादीच्या पोटाचें टोंक अणकुचीदार असल्यामुळें पुष्कळांना ती नांगी वाटते. वस्तुतः तें मातींत अंडीं घालण्याचें साधन होय. ही माशी चावत नाहीं, रक्तही शोषीत नाहीं; आणि पंख फुटल्यावर थोड्याच दिवसांत तिचें आयुष्य संपतें.

तिचा खरा प्रताप बालपणींचा! ऑगस्ट-सप्टेंबरांत गवताखालीं घातलेलीं अंडीं सुमारें दोन आठवड्यांनीं फुटतात. अळ्या बिनपायांच्या व जाड कातडीच्या असतात. म्हणूनच इंग्रज लोक त्यांना 'चामडी अंगरखेवाल्या' अशा अर्थाचें नांव देतात. पुढच्या वसंतापर्यंत गवताचीं मुळें कुरतडणें हाच त्यांचा उद्योग.

१९३५ सालीं लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर या अळ्यांनीं हिरवळीला ठिकठिकाणीं टक्कल पाडलें. नोकरांनीं हजारों अळ्या वेंचून जाळल्या, तरी त्या हंगामांत तेथें चेंडू नेहमीपेक्षां फार वळूं लागला. तेथेंच दक्षिण आफ्रिकेच्या बालास्कस या फिरकी गोलंदाजानें नऊ गडी बाद केले आणि त्याच्या संघानें इंग्लंडच्या भूमीवरील आपला पहिला कसोटी विजय मिळविला!

दिव्याभोंवतीं घुटमळणाऱ्या ज्या जीवाला पाहून आपण दचकतों तो निरुपद्रवी, आणि डोळ्यांआड राहून मुळावर उठतें तें त्याचेंच बाळरूप! आपल्याकडील याच्या भाऊबंदांपैकीं कित्येकांच्या अळ्या तर कुजलेल्या पाल्यावरच निर्वाह करतात. तेव्हां पुढच्या वेळीं असा पाहुणा आला, तर केरसुणीपूर्वीं मुलांच्या हातीं एक पेला द्यावा. त्याखालीं तो क्षणभर झांकून मुलांनीं त्याच्या त्या दोन दांड्या न्याहाळाव्या, आणि मग त्याला खिडकीबाहेर सोडून द्यावें.