चाळीस पिनांची पट्टी

कॅबिनेटचं झाकण काढलं की आधी दिसायची ती राखाडी पट्टी. दोन इंच रुंद, कागदासारखी चपटी, एका कडेला लाल रेघ. एक टोक मदरबोर्डमध्ये, दुसरं ड्राइव्हमध्ये आणि मध्येच आणखी एक कनेक्टर, दुसऱ्या ड्राइव्हसाठी. मदरबोर्डवर अशा पट्ट्या लावायच्या जागा दोन, प्रायमरी आणि सेकंडरी. दोन पट्ट्या, प्रत्येकीवर दोन ड्राइव्ह, म्हणजे एका कॉम्प्युटरमध्ये एकूण चार. हार्ड डिस्क, सीडी-रॉम, राइटर, जे काही बसवायचं ते या चारांतच. साधारण दहा-बारा वर्षं असेंबल्ड कॉम्प्युटरचा सगळा संसार या हिशेबात चालला. तो हिशेब ज्याला कळला त्याचं मशीन पळायचं, न कळलेल्याचं त्याच सुट्या भागांचं मशीन रखडायचं.

त्या काळात मी पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतून भाग आणून ओळखीच्या लोकांना कॉम्प्युटर जोडून देत असे. मुंबईत हेच काम लॅमिंग्टन रोडवर चालायचं. गिऱ्हाईक प्रोसेसर किती मेगाहर्ट्झचा आणि रॅम किती हे विचारायचं. ड्राइव्ह कुठल्या केबलवर लावणार, हे मला कधी कोणी विचारलं नाही. पण मशीन परत दुरुस्तीला यायचं ते बहुतेक वेळा याच कारणाने.

या पट्टीचं नाव आयडीई. 1980च्या दशकात हार्ड डिस्क चालवायला मदरबोर्डवर वेगळं कंट्रोलर कार्ड लागायचं. त्या कार्डापासून डिस्कपर्यंत दोन केबली जायच्या आणि कार्ड व डिस्क यांचं एकमेकांशी जमणं हा वेगळाच प्रश्न असायचा. 1986च्या सुमारास वेस्टर्न डिजिटल, कंट्रोल डेटा आणि कॉम्पॅक या कंपन्यांनी कंट्रोलरचं डोकं कार्डावरून काढून थेट डिस्कच्या पाठीवर बसवलं. मग केबलचं काम उरलं ते कॉम्प्युटरची बस डिस्कपर्यंत नेऊन पोचवण्याचं. आयबीएमने 1984मध्ये काढलेल्या पीसी-एटीची ती बस, म्हणून औपचारिक नाव एटीए, म्हणजे एटी अटॅचमेंट. बाजारात मात्र सगळे आयडीईच म्हणत. सीडी-रॉम याच केबलवर चालावेत म्हणून पुढे एटापी नावाचा नियमसंच आला. त्यामुळे सीडी-रॉमसाठी साउंड कार्डवरचा वेगळा कनेक्टर शोधायची वेळ संपली.

एका केबलवर दोन ड्राइव्ह असतील तर कॉम्प्युटरने कोणाशी बोलायचं, हे ठरवायला प्रत्येक ड्राइव्हच्या पाठीमागे बारीक पिनांची रांग असे. त्यातल्या दोन पिनांवर इवलंसं प्लास्टिकचं टोपण बसवायचं, तो जंपर. एक मास्टर, दुसरा स्लेव्ह. दोघेही मास्टर ठेवले की दोघेही गायब, किंवा एकच दिसायचा आणि तोही भलत्याच नावाने. वेस्टर्न डिजिटलच्या डिस्कवर आणखी एक खोच होती. डिस्क केबलवर एकटी असेल तर एक सेटिंग, सोबत स्लेव्ह असेल तर दुसरं. स्लेव्ह काढून टाकला आणि मास्टरचा जंपर तसाच राहिला, की धडधाकट डिस्क बायोसला दिसेनाशी होई. अशी ‘गेलेली’ डिस्क जंपर काढल्याबरोबर परत आलेली मी अनेकदा पाहिली आहे.

मास्टर-स्लेव्ह ही नावं मुळातच चुकीची होती, असं माझं ठाम मत आहे. शब्द म्हणून ती वाईट आहेतच, पण अर्थानेही खोटी आहेत. मास्टर स्लेव्हला हुकूम देत नाही, त्याचं काम करत नाही, त्याच्यापेक्षा वेगवानही नसतो. दोघांचे मेंदू वेगळे आणि दोघांशी कॉम्प्युटर स्वतंत्रपणे बोलतो. पुढच्या प्रमाण दस्तऐवजांत डिव्हाइस शून्य आणि डिव्हाइस एक अशी सरळ नावं आली, ती बाजारात रुजली नाहीत. खोट्या नावामुळे खोटी समजूत झाली: ‘मास्टरला लाव, फास्ट चालेल.’ वेग मास्टर-स्लेव्हवर ठरत नव्हता. केबलवर शेजारी कोण आहे, यावर ठरत होता.

कारण ही पट्टी म्हणजे एकपदरी पूल. एका वेळी एकाच ड्राइव्हची वाहतूक. एका ड्राइव्हला हुकूम दिला की तो पुरा होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचं. सीडी-रॉमला एक तुकडा वाचायला सांगितला आणि ओरखड्यामुळे तो अडखळला, तर त्याच केबलवरची हार्ड डिस्क मोकळी असूनही तिच्याशी बोलता येत नाही. सुरुवातीच्या काही चिपसेटवर तर दोघांना एकाच वेगाने चालावं लागे आणि तो वेग दोघांतल्या हळू ड्राइव्हचा असे. ही अडचण पुढच्या चिपसेटनी दूर केली, पण पूल एकपदरीच राहिला.

हे मला शिकवलं ते एका फोटो स्टुडिओच्या मशीनने. 2000 सालची गोष्ट. लग्नाच्या कॅसेटी मागे पडून लग्नाच्या व्हीसीडी आल्या होत्या आणि प्रत्येक लग्नामागे मामा, आत्या, मावशी अशा दहा-पंधरा प्रती निघायच्या. मालकांनी दोन हार्ड डिस्क, एक सीडी-रॉम आणि एक आठ एक्स राइटर असं मशीन मागितलं. मी सरळ विचार केला: हार्ड डिस्क-हार्ड डिस्क एका केबलवर, सीडी-सीडी दुसऱ्या. जोडणी नेटकी दिसत होती, केबलीही ताणल्या जात नव्हत्या. चार दिवसांत मालकांचा फोन आला, “अहो, तीनातली एक सीडी वाया जातेय.”

आकडा मांडून पाहिल्यावर कारण कळलं. सीडीचा एक एक्स म्हणजे सेकंदाला 150 किलोबाइट, तेव्हा आठ एक्सला 1200. राइटरच्या पोटात दोन मेगाबाइटचा साठा, म्हणजे बाहेरून माल येणं थांबलं तर जेमतेम पावणेदोन सेकंद पुरेल एवढा. लेझर एकदा लिहायला लागला की त्याला मध्ये थांबता येत नसे. साठा संपला की ती सीडी कायमची निकामी. मूळ सीडी शेजारच्याच सीडी-रॉममध्ये आणि दोघांची केबल एक. वाचणाऱ्याने एखाद्या ओरखड्यावर दोन सेकंद काढले की लिहिणारा उपाशी. राइटर चांगला होता, सीडी चांगल्या होत्या. चूक माझ्या जोडणीची होती.

मशीन पुन्हा उघडलं. विंडोजची डिस्क प्रायमरी मास्टर, तिच्यासोबत स्लेव्ह म्हणून सीडी-रॉम. व्हिडिओची डिस्क सेकंडरी मास्टर, तिच्यासोबत राइटर. नियम एकच धरला: जी मोठी नेआण रोज होणार ती एका केबलवरून दुसऱ्या केबलवर व्हायला हवी. सीडीवरून सीडीवर नक्कल, तर वाचणारा एकीकडे आणि लिहिणारा दुसरीकडे. एका डिस्कवरून दुसरीवर व्हिडिओ न्यायचा, तेही तसंच. व्हीसीडीची तयार फाइल पहिल्या डिस्कवर ठेवायची म्हणजे ती राइटरच्या केबलवर येत नाही. त्यानंतर सीडी वाया जाण्याचं प्रमाण एकदम खाली आलं. त्याच सुमारास सान्योचं बर्न-प्रूफ तंत्र राइटरमध्ये येऊ लागलं. साठा संपत आला की लेझर थांबे आणि पुढे तिथूनच लिहायला घेई. त्याने हा त्रास मुळातूनच संपवला.

पण नव्या जोडणीत केबलची लांबी आडवी आली. नियमाप्रमाणे पट्टी 18 इंचांपेक्षा लांब असू नये आणि तिच्यावरच्या दोन ड्राइव्हमधलं अंतर साधारण सहा इंच. सीडीचे खण कॅबिनेटच्या वरच्या भागात, हार्ड डिस्कचे खाली. एकाच केबलवर दोघांना घ्यायचं म्हणजे राइटर सगळ्यात खालच्या मोठ्या खणात आणि डिस्क सगळ्यात वरच्या लहान खणात आणून बसवायची. कागदावर चार चौकोन काढून जोडणी ठरवणं सोपं असतं, पण शेवटचा शब्द कॅबिनेटचा असतो. पुढे मी आधी केबल हातात धरून सगळ्या खणांपर्यंत पोचते का ते पाही आणि मगच स्क्रू आवळी.

पट्टीचं दुसरं रूप आलं ते सेकंदाला 66 मेगाबाइटच्या वेगाबरोबर. पिना चाळीसच राहिल्या, तारा मात्र ऐंशी झाल्या. वाढलेल्या चाळीस तारांतून कुठलाही निरोप जात नव्हता. त्या सगळ्या अर्थच्या तारा. निरोप नेणाऱ्या प्रत्येक दोन तारांमध्ये एक अर्थची तार घातल्यामुळे एकीचा आवाज दुसरीत मिसळत नव्हता आणि मग वेग 100, 133 मेगाबाइटपर्यंत नेता आला. या केबलला रंगही आले: निळं टोक मदरबोर्डला, काळं टोकाच्या मास्टरला, मधलं राखाडी स्लेव्हला. ड्राइव्ह एकच असेल तर तो मधल्या कनेक्टरला न लावता टोकालाच लावायचा. नाहीतर मोकळ्या सुटलेल्या टोकावरून विजेचा सिग्नल आपटून परत येतो आणि पुढच्या सिग्नलमध्ये घोळ करतो. जुनी चाळीस तारांची केबल लावली तर अनेक बायोस सुरुवातीलाच तशी सूचना पडद्यावर दाखवत. ती सूचना दुकानात कोणी वाचत नसे.

केबल सैल, चुरगळलेली किंवा जुनी असली की विंडोज एक्सपीमध्ये एक विचित्र गोष्ट घडायची. माल पोचवण्यात चूक होत राहिली की विंडोज त्या चॅनलचा वेग पायरीपायरीने उतरवत नेई आणि शेवटी प्रोसेसरला मध्ये न घेणारी डीएमए पद्धत बंद करून पीआयओ पद्धतीवर आणून ठेवी. पीआयओ म्हणजे प्रत्येक तुकडा प्रोसेसरने स्वतः हाताने उचलायचा. मग सीडी लावली की माउस अडखळायचा, गाणं तुटायचं आणि मालक म्हणायचे, “व्हायरस आलाय, फॉरमॅट मारा.” फॉरमॅट मारल्यावर खरंच बरं वाटायचं, कारण वेगाची नोंद कोरी होऊन जायची. पण केबल तीच असल्याने महिन्याभरात पुन्हा तेच. डिव्हाइस मॅनेजरमधून तो चॅनल काढून मशीन पुन्हा सुरू केलं आणि केबल बदलली, की अर्ध्या तासात काम व्हायचं. त्या फॉरमॅटच्या नादात किती घरांचे फोटो पुसले गेले असतील याचा विचार आजही मनाला लागतो.

दुसरी डिस्क लावल्यावर पहिली दचकण्याची जागा म्हणजे ड्राइव्हची अक्षरं. डॉस आणि विंडोज 98 आधी प्रत्येक डिस्कच्या प्रायमरी पार्टिशनला अक्षर देत आणि मग लॉजिकल पार्टिशनांकडे वळत. म्हणजे घरात सी आणि डी असे दोन कप्पे आहेत आणि दुसरी डिस्क लावली, की नव्या डिस्कचा पहिला कप्पा डी होऊन बसे आणि जुना डी सरकून ई होई. लोकांना वाटायचं, डीमधलं सगळं गेलं. उपाय साधा होता: दुसऱ्या डिस्कवर प्रायमरी पार्टिशन करायचंच नाही, सगळे कप्पे लॉजिकल करायचे, म्हणजे नवी अक्षरं शेवटी लागतात.

विजेकडे मात्र कोणाचं लक्षच नसायचं. ड्राइव्हच्या वीजजोडणीत पिवळी तार 12 व्होल्टची, लाल पाचची, दोन काळ्या अर्थच्या. साडेतीन इंची डिस्क सुरू होताना मोटर फिरवायला 12 व्होल्टवर साधारण दोन अँपिअर ओढते. चालू झाल्यावर तिची भूक फार कमी होते. दोन डिस्क एकदम उठल्या की हलक्या एसएमपीएसचं, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याचं, व्होल्टेज त्या क्षणी खाली बसतं आणि एखादी डिस्क ‘डिटेक्ट होत नाही’. पुन्हा चालू केलं की होते. डिस्क कधी दिसते, कधी नाही, अशी तक्रार आली की आधी एसएमपीएस बदलून पाहावा.

2003पासून आयडीईच्या जागी साटा येऊ लागलं आणि हा सगळा हिशेब मिटला. सात पिनांची बारीक केबल, मीटरभर लांब चालणारी, एका केबलवर एकच ड्राइव्ह. जंपर नाही, शेजारी नाही. 2006मध्ये इंटेलने नव्या चिपसेटमधून आयडीई काढून टाकलं. काही वर्षं मदरबोर्डवाले वेगळी चिप लावून एक जुनी पट्टी जिवंत ठेवत होते, मग तीही गेली. आता तर बऱ्याच कॅबिनेटना सीडी ड्राइव्हचा खणच नसतो. वाटणीचा प्रश्न मात्र अजून आहे. अनेक मदरबोर्डांवर एम-टू खाचेत एसएसडी बसवली की एखादा साटा पोर्ट आपोआप बंद होतो, कारण आतली वाट दोघांची एकच असते. मदरबोर्डच्या पुस्तिकेत हे लिहिलेलं असतं. नवी डिस्क विकत घेण्याआधी ते पान वाचावं.

आणि एक विनंती. तुमच्या माळ्यावर किंवा कपाटाच्या तळाशी जुना कॉम्प्युटर असेल तर तो भंगारात देण्याआधी उघडा. त्यातली आयडीई डिस्क आजही वाचता येते. आयडीई ते यूएसबी असा छोटा अडॅप्टर मिळतो, पण साडेतीन इंची डिस्क असेल तर सोबत 12 व्होल्टचा वेगळा पुरवठा असलेलाच घ्या. यूएसबीच्या पाच व्होल्टवर तिची मोटर फिरणार नाही. डिस्कच्या लेबलवर जंपरचा नकाशा छापलेला असतो. त्याप्रमाणे ती मास्टर किंवा एकटी अशी लावा. फॉरमॅट करायचं का, असं विंडोजने विचारलं तर नाही म्हणा. डिस्क चालू झाली की त्याच बैठकीत सगळं उतरवून घ्या, कारण वीस वर्षं थांबलेली मोटर दुसऱ्यांदा उठेलच असं नाही. लग्नाच्या व्हीसीडी असतील तर त्याही याच आठवड्यात काढा. राइटरवर काढलेल्या सीडीचा रंगाचा थर काळाबरोबर उतरत जातो. अजून जिथे सीडी ड्राइव्ह आहे असं मशीन गाठा आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणी प्रती करून ठेवा.