कागदावर न उमटलेली पदके

अमेरिकेत माजी सैनिकाच्या नोंदीतून एखादे पदक गळलेले असणे ही दुर्मीळ गोष्ट नाही. सैन्यातून बाहेर पडताना सैनिकाच्या हाती डीडी-२१४ नावाचा फॉर्म पडतो. आपल्याकडच्या माजी सैनिकाला डिस्चार्ज बुक जितके जपावे लागते, तितकाच तिथल्या माणसाला हा कागद जपावा लागतो. दवाखाना, घरकर्ज, सरकारी नोकरीतले प्राधान्य, सरकारी दफनभूमीतली जागा, सगळे त्याच्यावर चालते. १९५० पासून सर्व दलांत हाच नमुना आहे. पदके, बिल्ले आणि सन्मानपट्ट्या लिहिण्यासाठी त्यात एक रकाना असतो. व्हिएतनाम युद्धाच्या काळात तो २४ वा होता, आता १३ वा आहे. त्या दोन-चार ओळींच्या चौकोनात जे टाइप झाले तेच सरकारच्या लेखी खरे. कपाटात पदक असले तरी रकाना कोरा असेल, तर सरकारदरबारी ते पदक मिळालेलेच नसते.

गळती कशी होते हे समजायला पदकांच्या दोन जाती ध्यानात घ्याव्या लागतात. काही पदके माणूस ठरावीक काळात ठरावीक ठिकाणी होता एवढ्यावरच मिळतात. व्हिएतनाम सर्व्हिस मेडल हे असे पदक आहे. त्याच्या फितीवर प्रत्येक मोहिमेसाठी एक छोटा काशाचा तारा लागतो, आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणती मोहीम हे सैन्याने छापूनच ठेवलेले आहे. दुसऱ्या जातीची पदके कोणीतरी शिफारस केली तरच मिळतात: सिल्व्हर स्टार, शौर्यासाठीचा ब्राँझ स्टार आणि सर्वांत वरचे मेडल ऑफ ऑनर. पहिल्या जातीत चूक झाली तर ती हिशेबाची असते, तारखा जुळवल्या की निस्तरते. दुसऱ्या जातीत मुळात शिफारसच झाली नसेल तर दुरुस्त करायला कागदच नसतो. दुरुस्तीच्या खटाटोपात जी निराशा वाट्याला येते, तिचे मूळ बहुतेक वेळा या दोन जातींच्या गल्लतीत असते.

चुकीला दुष्टावा लागतो असे नाही, घाई पुरते. दुसऱ्या महायुद्धानंतर लाखो सैनिक काही महिन्यांत घरी पाठवले गेले आणि त्यांचे कागद टाइप करणाऱ्या कारकुनांपुढे रांगा लागल्या. व्हिएतनाममध्ये पलटणी सहसा एकत्र जात-येत नसत. प्रत्येक सैनिकाची साधारण बारा महिन्यांची मुदत वेगळी संपे आणि तो एकटाच विमानाने परते. सेवेचे थोडेच महिने उरलेल्यांना परतल्या परतल्या मोकळे करत. पदकाचा हुकूम मात्र मागे राहिलेल्या मुख्यालयात अजून सहीसाठी पडलेला असे. तो निघेपर्यंत माणूस आयोवातल्या शेतावर कामाला लागलेला आणि त्याच्या डीडी-२१४ वरची शाई वाळलेली.

याहून गमतीचा प्रकार म्हणजे माणूस घरी गेल्यावर त्याला मिळालेली पदके. १९४७ मध्ये सैन्याने ठरवले, की दुसऱ्या महायुद्धात ज्या पायदळ सैनिकांना प्रत्यक्ष लढाईचा बिल्ला मिळाला होता, त्यांना ब्राँझ स्टारही द्यायचा. लढाईत राबलेल्या वैद्यकीय शिपायांनाही तोच नियम लागू झाला. पण तोवर बहुतेक जण घरी पोचले होते, आणि पदक मागितल्याशिवाय मिळणार नव्हते. १९७४ च्या आठ क्रमांकाच्या सर्वसाधारण हुकमाने दक्षिण व्हिएतनाम सरकारचा सांघिक शौर्यसन्मान तिथे काम केलेल्या अमेरिकी भूदलाच्या सगळ्या तुकड्यांना दिला. त्याआधी सुटलेल्या कोणाच्याही फॉर्मवर तो असणे शक्यच नव्हते. कोरियाने १९५१ मध्ये देऊ केलेले युद्धपदक अमेरिकेने स्वीकारले १९९९ मध्ये. कोरियातल्या नंतरच्या पहाऱ्यासाठीचे पदक २००२ च्या कायद्याने निर्माण झाले आणि लागू झाले २८ जुलै १९५४ पासून. म्हणजे विशीत पहारा केला त्याबद्दलचे पदक सत्तरीच्या उंबरठ्यावर.

हा सगळा खटाटोप हौसेपुरता नसतो. पर्पल हार्ट, म्हणजे शत्रूच्या हातून झालेल्या जखमेचे पदक, नोंदीत असले तर माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेत वरचा गट मिळतो. लढाईतला बिल्ला किंवा पर्पल हार्ट नोंदीत असेल, तर युद्धाच्या मानसिक आघाताचा दावा करताना आपण लढाईत होतो हे वेगळे सिद्ध करण्याचा त्रास बराच वाचतो. तरीही अर्ज करणारे पुष्कळ जण साठी-सत्तरी उलटल्यावरच करतात. तरुणपणी घरी आलेल्याला युद्धाचा विषयच नको असतो. नातवंडे विचारू लागली की ट्रंक उघडली जाते.

ट्रंकेत काही सापडले नाही, तर पुढचा पत्ता मिसुरी राज्यातल्या सेंट लुइसचा. अमेरिकी सैनिकांच्या वैयक्तिक फाइली तिथल्या राष्ट्रीय कर्मचारी अभिलेख केंद्रात असतात. १२ जुलै १९७३ रोजी मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात या केंद्राच्या सहाव्या मजल्यावर आग लागली. नोंदी ठेवलेल्या त्या मजल्यावर पाण्याचे फवारे नव्हते आणि आग अडवणाऱ्या भिंतीही नव्हत्या. आग पूर्ण विझायला चार दिवसांहून जास्त वेळ गेला. ती कशाने लागली हे आजवर निश्चित झालेले नाही. एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख फाइली नष्ट झाल्या. त्यांच्या प्रती नव्हत्या, मायक्रोफिल्म नव्हती, आणि कोणाकोणाच्या फाइली तिथे होत्या याची यादीसुद्धा नव्हती.

नुकसान सगळ्यांचे सारखे झाले नाही. १९१२ च्या नोव्हेंबरपासून १९६० च्या आरंभापर्यंत भूदलातून सुटलेल्यांच्या साधारण ८० टक्के फाइली गेल्या. हवाई दलात १९४७ ते १९६४ या काळातल्या सुमारे ७५ टक्के गेल्या, पण त्यात आडनावाचे नशीब होते. वर्णानुक्रमे ‘हबर्ड’च्या पुढे येणारी नावे जळालेल्या मजल्यावर होती. अ‍ॅडम्स वाचला, विल्सन गेला. नौदल आणि मरीन दलाच्या फाइलींना धक्का लागला नाही. व्हिएतनामहून परतलेले बहुतेक जण १९६० नंतर सुटलेले, त्यामुळे त्यांच्याही फाइली शाबूत आहेत. तरी ‘तुमचे कागद आगीत गेले असतील’ हे वाक्य त्यांनाही सर्रास ऐकवले जाते, आणि ते खुशाल अमान्य करावे.

आगीतून वाचवलेल्या लाखो फाइली पाण्याने लगदा होऊ पाहत होत्या. जुलैच्या दमट हवेत बुरशी दोन दिवसांत धरते. तेव्हा सेंट लुइसच्या मॅक्डॉनेल डग्लस या विमान कंपनीकडे अंतराळातली स्थिती निर्माण करण्यासाठी बांधलेली निर्वात दालने होती. ओले गठ्ठे तिथे नेऊन त्यांतले पाणी खेचून काढण्यात आले. अशा रीतीने सुमारे ६५ लाख नोंदी हाती लागल्या. त्यांना आजही वेगळे हाताळतात: कडा काळ्या पडून ठिसूळ झालेले पान जपून सुटे करायचे, आणि करपलेल्या भागावरचे टंकलेखन अवरक्त प्रकाशाच्या कॅमेऱ्याने वाचायचे. जिथे पानच उरले नाही, तिथे नोंद इतर कागदांवरून पुन्हा बांधतात. शेवटच्या पगाराच्या पावत्या, माजी सैनिक खात्याकडचे दावे आणि कंपनीचा रोजचा हजेरी-अहवाल हे त्यातले मुख्य. कोण आले, कोण जखमी झाले, कोण इस्पितळात गेले हे कंपनीचा कारकून रोज सकाळी या अहवालात लिहीत असे. १९८८ मध्ये एक अनपेक्षित ठेवा मिळाला. सैन्याच्या सर्जन जनरलच्या कार्यालयाने १९४२ ते ४५ आणि १९५० ते ५४ या वर्षांतल्या एक कोटी इस्पितळ-दाखल्यांची माहिती आकडेवारीसाठी संगणकाच्या फितींवर उतरवून ठेवली होती. तो संग्रह केंद्राला मिळाला आणि पर्पल हार्टच्या कितीतरी दाव्यांना आधार सापडला.

दुरुस्तीचे पहिले दार हे केंद्रच. पदक हिशेबाने मिळणारे असेल, किंवा त्याचा हुकूम फाइलमध्येच असून रकान्यात उतरायचा राहिला असेल, तर सैनिकाने साधे विनंतीपत्र द्यायचे. केंद्र फाइल तपासते आणि संबंधित दलाकडे पाठवते. दुरुस्ती मान्य झाली तरी मूळ डीडी-२१४ सहसा पुन्हा टाइप करत नाहीत. डीडी-२१५ हे शुद्धिपत्र निघते आणि ते मूळ कागदाला जोडून ठेवायचे असते. लोक नेमके ते हरवतात.

इथे काम झाले नाही तर दुसरे दार म्हणजे सैनिकी नोंदी दुरुस्त करणारे मंडळ. भूदलाचे, हवाई दलाचे, तसेच नौदल आणि मरीन यांचे मिळून, अशी मंडळे आहेत. त्यांचा जन्म १९४६ चा. त्याआधी एका सैनिकाची एक नोंद बदलायलासुद्धा अमेरिकी संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, स्वतंत्र विधेयक आणावे लागे. खासदार त्या कामाने वैतागले आणि त्यांनी कायद्याने ते स्वतःच्या गळ्यातून काढून दलांच्या गळ्यात घातले. मंडळाचे सदस्य मुलकी असतात, कारण वर्दीतल्या यंत्रणेची चूक वर्दीबाहेरच्यांनी तपासावी ही कल्पना. अर्ज डीडी-१४९ या फॉर्मवर करायचा. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे, पण न्यायाच्या हितासाठी मंडळ ती माफ करू शकते. तसे नसते तर पन्नास वर्षांपूर्वीच्या पदकांचे अर्ज ऐकलेच गेले नसते. बहुतेक अर्ज दहा महिन्यांत आणि सगळे अठरा महिन्यांत निकाली काढावेत, असे कायदा सांगतो. निर्णय पटला नाही तर संघराज्याच्या न्यायालयात जाता येते, पण तिथे मंडळाचा निर्णय मनमानी होता का एवढेच मुख्यतः पाहतात.

मंडळ सुरुवात करते ते सरकारी कागद बरोबर आहे असे धरून. चूक दाखवण्याचे ओझे अर्जदारावर. गुड कंडक्ट मेडलच्या बाबतीत हे ओझे हलके असते. वागणूक चांगली, कुठे शिक्षा नाही आणि वरिष्ठाने अपात्र ठरवल्याचा कागदही नाही, मग पदक केवळ राहून गेले असा निष्कर्ष मंडळ बऱ्याचदा काढते. पर्पल हार्टचे तसे नाही. तिथे तीन गोष्टी हव्यात: जखम शत्रूच्या कारवाईने झालेली, तिच्यावर वैद्यकीय उपचार लागलेले, आणि त्या उपचाराची सरकारी नोंद. पहिल्या दोन खऱ्या असून तिसरीवर अर्ज अडतो. भातखाचरात छर्रा लागला, कंपनीच्या वैद्यकीय शिपायाने जागेवर काढला, पट्टी बांधली आणि माणूस पुन्हा रांगेत उभा राहिला. त्या गडबडीत कार्ड कोण लिहिणार? पन्नास वर्षांनी मंडळ व्हिएतनाममधल्या हताहतांची यादी उघडते आणि त्यात नाव सापडत नाही. अशा वेळी त्या काळी घरी लिहिलेले पत्र, अंगातला धातूचा तुकडा दाखवणारा क्ष-किरण फोटो आणि सोबत्यांची शपथपत्रे उपयोगी पडतात. शपथपत्रात ‘हा शूर होता’ असे लिहून काही साधत नाही. तारीख, ठिकाण, लिहिणारा स्वतः कुठे उभा होता आणि त्याने काय पाहिले, हे हवे. हा कडकपणा खऱ्या जखमींवर अन्याय करतो यात शंका नाही. पण खोट्या पदकांचा बाजारही मोठा आहे आणि मंडळाला दोन्हींकडे पाहावे लागते.

शौर्यपदकाची शिफारसच कधी झाली नसेल, तर तिसरा आणि सर्वांत अवघड रस्ता उरतो. १९९६ पासूनच्या तरतुदीनुसार काँग्रेस सदस्याच्या विनंतीवरून जुन्या पराक्रमाची शिफारस मुदत उलटल्यावरही तपासता येते. पण शिफारस तेव्हाच्या वरिष्ठाने किंवा प्रत्यक्ष पाहणाऱ्याने लिहावी लागते, आणि ते हयात असतील तर. मेडल ऑफ ऑनरसाठी तर काँग्रेसने मुदतीतून सूट देणारा कायदाच करावा लागतो.

हेन्री जॉन्सनचे प्रकरण या रस्त्याची लांबी दाखवते. न्यूयॉर्कच्या ऑल्बनी गावी रेल्वे स्टेशनवर हमाली करणारा हा कृष्णवर्णीय तरुण पहिल्या महायुद्धात ३६९ व्या पायदळ रेजिमेंटमधून फ्रेंच सैन्याच्या हाताखाली लढला. मे १९१८ मध्ये फ्रान्समधल्या आर्गॉनजवळ तो पहाऱ्यावर असताना डझनभर किंवा अधिक जर्मनांनी छापा घातला. स्वतः अनेक जखमा घेऊन, शेवटी हातातल्या सुऱ्याने लढत, त्याने जखमी सोबती नीडम रॉबर्ट्सला कैद होण्यापासून वाचवले. फ्रान्सने क्रुआ द गेर हे शौर्यपदक दिले. अमेरिकेने त्याच्या हयातीत काहीच दिले नाही. तो १९२९ मध्ये वारला. पर्पल हार्ट १९९६ मध्ये, डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस २००२ मध्ये आणि मेडल ऑफ ऑनर २ जून २०१५ रोजी मिळाले. शेवटच्या टप्प्यात निर्णायक ठरलेला कागद होता तो सेनापती पर्शिंग यांनी लढाईनंतर काही दिवसांतच पाठवलेला अहवाल, आणि तो सिनेटर चक शूमर यांच्या कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांनी शोधून काढला. त्याच वेळी सैन्याने जॉन्सनची वंशावळही तपासली. तेव्हा कळले, की ज्या कुटुंबाने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला त्याचे जॉन्सनशी रक्ताचे नातेच नव्हते. पदक न्यूयॉर्क नॅशनल गार्डच्या एका सार्जंट मेजरने स्वीकारले.

दिलेले पदक काढून घेतले गेल्याचीही उदाहरणे आहेत. १९१७ मध्ये भूदलाने मेडल ऑफ ऑनरच्या यादीतून ९११ नावे खोडली. त्यांत यादवी युद्धातल्या शल्यचिकित्सक डॉ. मेरी वॉकर होत्या. कारण त्या सैन्यात भरती नव्हत्या, कराराने काम करत होत्या. त्यांनी पदक परत दिले नाही आणि १९१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते घालणे सोडले नाही. त्यांचे नाव भूदलाच्या नोंद-दुरुस्ती मंडळाच्या शिफारशीवरून १९७७ मध्ये परत लागले. ‘वाइल्ड वेस्ट’ खेळांमुळे जगाला ठाऊक असलेल्या बफेलो बिलचेही नाव त्याच मंडळामार्फत १९८९ मध्ये परत आले.

नोंद दुरुस्त झाली की प्रत्यक्ष पदके पोस्टाने येतात, विनामूल्य. भूदलाची फिलाडेल्फियाहून निघतात. समारंभ हवा असेल तर तो ज्याचा त्याने किंवा स्थानिक खासदाराच्या कार्यालयाने करायचा. सैनिक हयात नसेल तर पुनर्विवाह न केलेली पत्नी वा पती, आईवडील, मुले आणि भावंडे एवढ्यांनाच सहसा जवळचे नातेवाईक धरतात. नातवंडे त्यात सहसा बसत नाहीत. सेवा संपून ६२ वर्षे झाली की फाइल अभिलेखागाराची होते आणि शुल्क भरून कोणालाही तिची प्रत मिळते. आजोबांना कोणती पदके लागू होती हे नातवाला त्या प्रतीवरून समजते. ती पदके मात्र त्याला सहसा बाजारातून विकत घ्यावी लागतात.