कानसेनांचा अर्धाच खरा संशय

नवा फोन किंवा मोटार घ्यायची तर आज पहिली फेरी यूट्यूबवर होते. उंची स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर, टर्नटेबल यांत जीव अडकलेली मंडळी मात्र या वाटेला उशिरा वळली. जे. गॉर्डन होल्ट यांनी अमेरिकेत १९६२मध्ये ‘स्टिरिओफाइल’ हे मासिक सुरू केले, त्या काळापासूनची त्यांची रीत ठरलेली: आधी छापील परीक्षण वाचायचे, मग दुकानात किंवा मित्राच्या घरी जाऊन प्रत्यक्ष ऐकायचे. याला शिष्टपणा म्हणणारे म्हणोत. पण या सावधपणामागे बरेच विज्ञान आहे.

सुरुवातीला कारण सरळ होते. २००५मध्ये यूट्यूब आले तेव्हा व्हिडिओसोबतचा आवाज मोनो असे आणि त्याचे सेकंदाला २२,०५० नमुने घेतलेले असत. नमुन्यांच्या संख्येच्या निम्म्यापर्यंतचीच वारंवारता डिजिटल ध्वनीत टिकते. म्हणजे ११,००० हर्ट्झच्या वरचे सगळे छाटले जाई. तरुण कान तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. झांजांची किणकिण आणि तंबोऱ्याच्या जवारीतली वरची झळाळी त्या छाटणीत जात असे.

हे दुखणे पुढे बरेच कमी झाले. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट आणि दोन वाहिन्या. म्हणजे सुमारे १४ लाख ११ हजार बिट. व्हिडिओला आज साधारण त्याच्या दहाव्या हिश्शात भागवावे लागते. पण मोठ्या आवाजाखाली झाकले जाणारे बारीक आवाज कानाला तसेही कळत नाहीत. ध्वनी आकसून साठवणारे आधुनिक कोडेक तेवढेच वगळू पाहतात, त्यामुळे फरक ओळखणे बहुतेकांना अवघड जाते.

खरी अडचण कोडेकच्या आधी आणि नंतर आहे. ‘या स्पीकरचा आवाज ऐका’ म्हणून कुणी व्हिडिओ टाकतो, तेव्हा स्पीकरचा आवाज आधी त्याच्या खोलीतून जातो. दहा बाय बाराच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींमुळे ४७ आणि ५६ हर्ट्झच्या आसपास अनुनाद होतो. तिथला खर्ज कुठे फुगतो, कुठे गायब होतो. खोलीत बसलेल्या माणसाचा मेंदू दोन कानांच्या आधाराने थेट आलेला आवाज आणि भिंतींवरून परतलेला आवाज बराचसा वेगळा करतो. मायक्रोफोन दोन्हींची सरमिसळ करून टाकतो. शेवटी ही सरमिसळ वाजते ती तुमच्याच स्पीकरवर, तुमच्याच खोलीत. कृष्णधवल टीव्हीवर रंगीत टीव्हीची जाहिरात बघण्यासारखाच हा प्रकार.

इथपर्यंत कानसेनांचा संशय रास्त आहे. पण दुकानात जाऊन ऐकले की खरे कळते, ही त्यांची खात्री मात्र तपासून पाहण्याजोगी आहे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४मध्ये तेच केले. हर्मन कंपनीतल्याच श्रोत्यांना त्यांनी काही स्पीकर आधी पडद्याआड आणि मग डोळ्यांसमोर ऐकवले. स्पीकर दिसू लागताच मोठ्या, देखण्या मॉडेलांचे गुण वाढले आणि पडद्याआड चांगली छाप पाडणारा छोटा, स्वस्त संच खाली घसरला. आवाजात काडीचाही बदल झाला नव्हता.

संगीताच्या जाणकारांचीही यातून सुटका नाही. चिआ-जुंग त्साय यांनी २०१३मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या स्पर्धांतले अंतिम फेरीचे तीन कलाकार दाखवून विजेता ओळखायला सांगितले. नुसता आवाज ऐकणाऱ्यांचे उत्तर अंदाजपंचेच्या पलीकडे फारसे गेले नाही. आवाज बंद करून नुसता व्हिडिओ पाहणारे त्यांच्यापेक्षा सरस ठरले. यात व्यावसायिक संगीतकारही होते आणि आपण आवाजावरूनच निवाडा करतो, असे त्यांचेही मत होते.

म्हणजे व्हिडिओ दूर ठेवला, तरी डोळा दुकानातही सोबत असतोच. तिथे चकचकीत लाकूड आणि किमतीची चिठ्ठी त्याच्यापुढे असते. शिवाय आवाज किंचित मोठा असला, तरी तो मोठा न वाटता ‘अधिक चांगला’ वाटतो, ही कानाची खोडही तिथे आहेच.

मग व्हिडिओ बघावा कशासाठी? जे दिसण्यातच आहे त्यासाठी: टर्नटेबलची सुई नेमक्या कोनात कशी बसवायची, पट्टा कसा बदलायचा, खोक्याच्या आत काय भरले आहे, मोजमापाचे आलेख काय सांगतात. ही कामे छापील परीक्षणापेक्षा तो कितीतरी चांगली करतो. निवड मात्र कानाने करायची असेल, तर आपली ओळखीची गाणी घेऊन जा, दोन्ही स्पीकरचा आवाज मीटर लावून सारखा करून घ्या आणि मध्ये पडदा धरायला सांगा. जो आवडेल त्याची किंमत नंतरच विचारा.