पुराशी बोलून बांधलेली देवळं

वाईच्या ढोल्या गणपतीचं दर्शन सगळे समोरून घेतात. ते साहजिकच आहे. एवढी भव्य काळ्या पाषाणाची मूर्ती समोर असताना देवळाच्या पाठीमागे कोण जाणार? पण या देवळातली अक्कल पाठीमागेच आहे. तिथली भिंत सरळ नाही. दोन्ही बाजूंनी निमुळती होत ती टोकाला मिळते. गावात तिला मत्स्याकार म्हणतात. गणपतराव रास्त्यांनी 1762 मध्ये देऊळ बांधलं, ते थेट कृष्णेच्या घाटावर. इथे दर पावसाळ्यात नदी अंगावर येणार हे बांधणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

सपाट भिंतीवर पाणी आदळलं की त्याचा सगळा जोर तिथेच बसतो. वर पाण्याला दुसरी वाट नसल्यामुळे ते पायथ्याशी भोवरे घेतं आणि खालची माती उपसून नेतं. पुरात पडणाऱ्या भिंती बऱ्याचदा धक्क्यानं नव्हे, अशा पोखरण्यानं पडतात. टोकदार भिंत नावेच्या नाळेसारखी पाणी फाडते आणि प्रवाह दोन्ही कुशींनी निघून जातो. जुन्या दगडी पुलांच्या खांबांना प्रवाहाच्या अंगाला असतं तेच हे टोक. वाईत ते देवळाला दिलंय, आणि ते अडीचशेहून अधिक पावसाळे पुरलंय.

हे एकदा पाहिलं की सातारा-सांगलीतल्या कृष्णाकाठच्या देवळांकडे बघण्याची नजरच बदलते. कळस, कोरीवकाम, नवसाची कीर्ती हे सगळं नंतर. आधी मनात येतं: पूर आला की हे देऊळ काय करतं?

वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणविसांचा घाट आहे. अर्धचंद्राकार पायऱ्या पाण्यापर्यंत उतरतात, त्यामुळे नदी चढो वा उतरो, काठ तोच राहतो. तिथल्या देवळाशेजारी एक मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकली तेव्हा पोर्तुगीजांकडून आलेली ती घंटा, असं सांगतात. ‘स्वदेस’ सिनेमामुळे हा घाट देशभर पोहोचला, आणि बरेच पर्यटक तेवढाच फोटो काढून परततात. पुढे साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णा येऊन मिळते. हे रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव. संगमाच्या दोन्ही तीरांवर देवळं आहेत आणि नदीपात्राशीच छत्रपती शाहूंची समाधी आहे.

कऱ्हाडला मात्र थांबायलाच हवं. कृष्णा आणि कोयना दोघीही महाबळेश्वरच्याच. एवढं अंतर वेगवेगळं चालून त्या इथे समोरासमोर येऊन भिडतात आणि मग काटकोनात वळून एकत्र निघतात. प्रीतिसंगम म्हणतात तो हा. यशवंतराव चव्हाणांची समाधी इथेच आहे. संगमापासून जवळच आगाशिवच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. त्या काळच्या भिक्खूंनी नदी सोडून डोंगर का निवडला असेल याची कारणं बरीच, पण पाण्याची उंची त्यात नक्की असणार, असं मला वाटतं.

वाळवा तालुक्यातल्या बहे-बोरगावला देऊळ काठावर नाहीच, ते नदीच्या मधोमध बेटावर आहे. रामलिंग बेट. समर्थांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक इथला. कथा अशी की राम शिवलिंगाच्या पूजेला बसले असताना कृष्णेला पूर आला. मारुतीनं पाठीशी उभं राहून दोन्ही बाहू पसरले आणि पाणी दोन्हीकडे वळवलं. वाईच्या गवंड्यानं दगडात केलं तेच इथे मारुतीनं हातांनी केलं. नदी बेटाला आपटून दुभंगते हे रोज डोळ्यांनी बघणाऱ्या माणसांनाच अशी कथा सुचू शकते.

यापुढे नदीची चाल मंदावते. घाटमाथ्यावर महाबळेश्वर-कोयनेकडे पडलेला पाऊस वर धावत येतो, पण खाली उतार कमी आणि वळणं फार. त्यात सांगलीच्या अगदी खाली हरिपूरला वारणा मिळते आणि आणखी खाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. या दोन्ही भरून आल्या की कृष्णेच्या पाण्याला पुढे जागाच उरत नाही. ते तुंबतं, मागे सरकतं आणि शहरात शिरतं. म्हणून पावसाळ्यात सांगलीत ‘कसं काय’च्या आधी ‘आयर्विनला किती फूट?’ विचारतात. 1929 चा आयर्विन पूल ही गावाची मोजपट्टी आहे: 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. त्याच पुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटून डझनाहून अधिक जीव गेले. पुराबद्दल कौतुकानं लिहिताना हे विसरून चालत नाही.

सांगलीचं गणपती मंदिर चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांचं. 1801 मध्ये मिरजेतून वेगळं होऊन त्यांनी सांगलीला राजधानी केली आणि नदीकाठीच देवाची जागा निवडली. त्यांनी पाण्याला फाडायचं नाही, तर त्याच्या वर राहायचं ठरवलं: काठाची जमीन उंचावून त्यावर काळ्या दगडाचं काम उभं केलं. ते पुरं व्हायला कित्येक वर्षं लागली. याच आप्पासाहेबांच्या आश्रयानं 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवलं. मराठी रंगभूमी आणि हे देऊळ एकाच दरबारात वाढलेली भावंडं आहेत.

हरिपूरच्या संगमेश्वराकडे जाताना हळदीची पेवं आठवावीत. जमिनीत खोल खणलेल्या या कोठारांत हळद भरून तोंड बंद केलं की आत हवा उरत नाही, कीड जगत नाही आणि माल वर्षानुवर्षं टिकतो. गोविंद बल्लाळ देवलांच्या या गावातला हा सगळा चमत्कार तिथल्या मातीचा. पण 2005 च्या पुराचं पाणी पेवांत शिरलं आणि फार नुकसान झालं. देवळांना पुराशी जमवून घ्यायला शतकं मिळाली होती, पेवांची मात्र जमिनीखाली कोंडी झाली.

पुराला बाहेरच अडवण्याचीही एक रीत आहे. थायलंडमध्ये अयुथयाला चाओ फ्राया नदीकाठी 1630 साली बांधलेलं वाट चायवत्थनाराम हे बौद्ध मंदिर आहे. 2011 च्या महापुरात ते आठवडेच्या आठवडे पाण्यात होतं. तेव्हापासून तिथे पावसाळ्यात नदीच्या बाजूला तात्पुरती भिंत उभारून पाणी अडवतात. शहाणपणाचंच आहे ते. पण सांगलीच्या पलीकडे, शिरोळ तालुक्यात, याच्या नेमकं उलट चालतं.

नरसोबाच्या वाडीला गाभाऱ्यात मूर्ती नाही, दत्ताच्या पादुका आहेत. नृसिंह सरस्वतींनी आधी पलूस तालुक्यातल्या औदुंबरला चातुर्मास केला आणि मग बारा वर्षं वाडीत काढली, अशी परंपरा. पाणी चढू लागलं की उत्सवमूर्ती वरच्या देवळात हलवतात, पण पादुका तिथेच राहतात आणि दारं उघडीच राहतात. नदी उत्तरेच्या दारानं आत येते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडते. या दक्षिणद्वारातून निघालेल्या पाण्यात अंघोळ करायला लोक पावसात, गुडघाभर गाळात रांगा लावतात. स्थापत्याच्या नजरेनं बघा: दोन्हीकडे पाणी सारखं असलं की भिंतीवर ताण उरतच नाही. ज्यानं हे ठरवलं त्याला गणित येत होतं की भक्ती, कोण जाणे. बहुधा दोन्ही.

पाणी चढताना हा सोहळा होतो तो चढता दक्षिणद्वार, आणि ओसरताना पुन्हा होतो तो उतरता. पहिला हुकला तर दुसरा गाठता येतो. मात्र त्याचा दिवस पंचांगात सापडत नाही. कोयनेतून किती क्युसेक सोडलं आणि राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, हे मोबाइलवर बघूनच आता लोक वाडीला निघतात.