चार धावणार, पण कोणते चार?

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकण्याची जबाबदारी असलेल्या क्वार्टरबॅकला चेंडू हाती आल्यापासून तो सुटेपर्यंत साधारणपणे अडीच ते तीन सेकंद मिळतात, आणि तेवढा अवधी मिळवून देण्यासाठी त्याच्यापुढे पाच धिप्पाड रक्षकांची फळी उभी असते : मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि कडांना टॅकल. प्रतिपक्षाचे सहसा चारच खेळाडू या फळीवर चाल करतात, त्यामुळे हिशेब रक्षकांच्या बाजूचा असतो. तो उलटवण्याचा जुना मार्ग म्हणजे ब्लिट्झ, अर्थात पाच, सहा किंवा अधिक खेळाडूंनी एकदम तुटून पडणे. परंतु पुढे गेलेला प्रत्येक खेळाडू मागचे मैदान उघडे टाकतो, आणि सराईत क्वार्टरबॅक नेमक्या त्या रिकाम्या जागी चेंडू पाठवतो.

१९८० च्या दशकात सिनसिनाटी बेंगाल्सचे बचाव-प्रशिक्षक डिक लेबो यांनी या पेचावर झोन ब्लिट्झचा तोडगा विकसित केला. त्यात मागच्या फळीतला एखादा लाइनबॅकर किंवा बचावपटू पुढे मुसंडी मारतो आणि त्याच्या बदल्यात पुढच्या फळीतला भारदस्त गडी मागे सरकून मैदानाचा एक पट्टा राखतो. अलीकडच्या आभासी दबावात तर धावणारे चारच असतात. गुप्त राहते ते एवढेच, की ते चार कोणते.

सेंटर आणि दोन गार्ड यांच्यामधल्या फटींत दोन लाइनबॅकर चेंडूला अगदी खेटून उभे राहतात, ही या डावाची सर्वांत प्रसिद्ध मांडणी. क्वार्टरबॅककडे जाणारी सर्वांत जवळची वाट मधूनच जात असल्याने रक्षकांना आधी ती बंद करणे भाग पडते, आणि फळीने कोणत्या बाजूला सरकायचे हे चेंडू हलण्यापूर्वीच ठरवावे लागते. चेंडू हलताच ते दोघे माघारी जातात व खरा हल्ला दूरच्या कडेवरून येतो. मग मध्यभागी दोन-तीन रक्षक कोणालाच न अडवता उभे असतात आणि कडेला एकट्या टॅकलच्या अंगावर दोघे येतात. एकूण संख्या पाचास चार अशीच राहते, पण जिथे गाठ पडते तिथे ती एकास दोन होते.

या डावाचे मर्म मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत आधीच सापडले होते. विल्यम एडमंड हिक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये दिवे आणि कळा वापरून दाखवून दिले, की संभाव्य पर्यायांची संख्या दुप्पट झाली, की प्रतिसादाला लागणाऱ्या वेळात ठरावीक भर पडते. याहून घातक ठरते ती दुसरी मर्यादा : एका संकेताला प्रतिसाद देण्यात मेंदू गुंतलेला असताना काही दशांश सेकंदांत दुसरा संकेत आला, तर त्याला मिळणारा प्रतिसाद रेंगाळतो. हूल याच फटीत शिरते. मैदानावरची धुमश्चक्री दिव्यांच्या उघडझापीइतकी नेटकी नसते हे खरे. तरीही अडीच सेकंदांच्या खेळात थोडासा विलंबसुद्धा फार महाग पडतो.

फसगत रक्षकांचीच होते असेही नाही. १ फेब्रुवारी २००९ रोजी टँपा येथील सुपर बोलमध्ये पूर्वार्धाची १८ सेकंदे उरली असताना ॲरिझोना कार्डिनल्स संघ गोलरेषेपासून एका यार्डावर होता. पिट्सबर्ग स्टीलर्सचा जेम्स हॅरिसन धावून येण्याचा आविर्भाव करून मागे सरकला, आणि कार्डिनल्सचा क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर याने फेकलेला चेंडू थेट त्याच्या हाती पडला. तो घेऊन त्याने मैदानाचे दुसरे टोक गाठले. १०० यार्डांच्या त्या धावेने सामन्याचे पारडे फिरले व स्टीलर्सने तो २७-२३ असा जिंकला. त्या वेळी लेबो हेच त्यांचे बचाव-प्रशिक्षक होते.

अशा सोंगाची किंमत मात्र बचावालाच मोजावी लागते. पुढे उभे राहून धमकावणाऱ्या लाइनबॅकरला आपल्या खऱ्या जागी परतण्यासाठी उलट धावावे लागते, आणि सव्वाशे किलोंच्या गड्याने चपळ झेलकऱ्याच्या वाटेत उभे राहणे हा जुगारच असतो. म्हणूनच अनुभवी क्वार्टरबॅक कधी आवाजात खोटी चढउतार करून प्रतिपक्षाला आधीच हालचाल करायला लावतो, तर कधी सोंग पुरते वठण्याआधीच चेंडू मागून घेतो आणि बचावपटूंना वाटेतच गाठतो.