मंत्रचळ : बालकांच्या मनातील अनिवार सक्ती

शुद्धलेखन चालू असता वर्गातील एखादा मुलगा एकच अक्षर लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो आणि पुन्हा खोडतो. इतरांच्या दहा ओळी पुऱ्या होतात तेव्हा त्याच्या वहीत दोनच ओळी असतात आणि खोडून खोडून कागदाला भोक पडलेले असते. शालेय पोषण आहाराची पंगत बसते, तरी एखादी मुलगी अजून पाण्यापाशीच हात धूत उभी असते. तिच्या बोटांची त्वचा पांढुरकी पडून भेगाळलेली असते. अशा मुलास बहुधा मंद, हट्टी वा कामचुकार ठरविले जाते. क्वचित अशा मुलीचे कौतुकही होते, कारण स्वच्छता हा शाळेनेच शिकविलेला गुण होय. हे दोन्ही समज चुकीचे असण्याचा संभव आहे. या वागण्यामागे एक मानसिक विकार असू शकतो, आणि तो वेळीच ओळखला गेल्यास त्यावर उपचार होऊ शकतात.

विकाराचे स्वरूप

वैद्यकशास्त्रात या विकारास ‘ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर’ अथवा संक्षेपाने ‘ओसीडी’ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘मंत्रचळ’ हा जुना शब्द आहे. मंत्र जपताना चूक झाली म्हणजे चित्त चळते, अशी समजूत त्या शब्दामागे होती. ती समजूत आता मागे पडली असली, तरी चुकीचे भय हे या विकाराचे एक प्रमुख लक्षण त्या शब्दात सूचित झाले आहे.

या विकाराची दोन अंगे आहेत. पहिले अंग म्हणजे नको असताना मनात घुसणारा व घालविता न येणारा विचार : हाताला घाण लागली आहे, दार उघडे राहिले आहे, आपल्यामुळे आईला काही तरी होईल. दुसरे अंग म्हणजे त्या विचाराची भीती शमविण्यासाठी करावी लागणारी कृती : धुणे, तपासणे, मोजणे, शिवणे, वस्तू एका रेषेत लावणे. खाज सुटलेली जागा खाजविल्याने क्षणभर बरे वाटते, परंतु खाज वाढतच जाते; तसेच येथे घडते. कृतीने भीती घडीभर निवते आणि थोड्याच वेळात अधिक जोराने परत येते.

हा विकार वाटतो तितका विरळा नाही. शंभर मुलांमागे सुमारे एकदोन मुलांस तो असू शकतो, आणि अनेकांत त्याचा आरंभ प्राथमिक शाळेच्या वयातच होतो. आनुवंशिकता व मेंदूच्या कार्यातील फरक यांचा त्याच्याशी संबंध आढळतो. आईबापांचे वळण, मुलाचा आळस वा कोणाचे पाप यांपैकी काहीही त्याचे कारण नव्हे. बुद्धीचाही येथे अभाव नसतो. १७५५ मध्ये इंग्रजी भाषेचा सुप्रसिद्ध शब्दकोश प्रसिद्ध करणारे डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी तरुणपणी शाळाही चालविली होती. दारातून जाताना पावले ठराविक रीतीने पडावीत याची ते चिंता करीत, असे त्यांच्या चरित्रकाराने नोंदविले आहे. त्यांच्या अशा सवयींत पुढील काळच्या काही वैद्यांना या विकाराची लक्षणे दिसली.

सवय आणि विकार यांतील भेद

फरशीच्या रेषेवर पाय न देता चालणे वा परीक्षेला एकच लेखणी नेणे हे प्रकार बालवयात सर्वत्र आढळतात. घरातील सोवळेओवळे, नमाज, प्रार्थना, जप हे कुटुंबाचे आचार होत. ते विकाराचे लक्षण नव्हेत. भेद ओळखण्यास तीन प्रश्न उपयोगी पडतात. या कृतींत मुलाचा बराच वेळ, साधारणतः दिवसाकाठी तास वा अधिक, जातो काय? कृती अडविल्यास ते कासावीस होते काय? अभ्यास, जेवण, खेळ वा झोप यांत त्यामुळे अडथळा येतो काय? खेळातील नियम मुलास आनंद देतो; विकारातील नियम त्यास राबवितो.

काही कृती डोळ्यांना दिसत नाहीत. मनातल्या मनात आकडे मोजणारे किंवा प्रार्थना पुनःपुन्हा म्हणणारे मूल वर्गात केवळ बेलक्ष दिसते. ‘बाई, माझे चुकले नाही ना?’ हा एकच प्रश्न दिवसातून वीस वेळा विचारणे हेही लक्षण असू शकते. काही मुलांना देवाविषयी अभद्र वा आपल्या माणसांना इजा करण्याचे विचार छळतात. असे विचार त्या मुलास स्वतःलाच भयंकर वाटतात. ते मूल दुष्ट नसते; लाजेने मात्र ते कोणाशी बोलत नाही.

शिक्षकाचे कार्य

निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. निरीक्षण मात्र त्याच्याइतके दुसरा कोणी करू शकत नाही. दोन आठवडे काय घडले, केव्हा व किती वेळ घडले, याची साधी टिपणे ठेवावीत. मुलाशी एकांतात व मृदुपणे बोलावे. ‘असे त्रास देणारे विचार पुष्कळ मुलांना येतात आणि त्यांवर उपाय आहे,’ एवढे वाक्यही त्याचे मोठे ओझे हलके करते.

छडी, उपहास वा बळाने हात ओढून कृती थांबविणे यांनी भीती वाढते. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई आहेच. उलटपक्षी, प्रत्येक शंकेला ‘नाही, चुकले नाही’ असे उत्तर देत राहिल्यानेही शंका पोसली जाते. उत्तर एकदा शांतपणे द्यावे आणि मुलास पुढील कामाकडे वळवावे. लेखनास थोडा अधिक वेळ द्यावा. अक्षराच्या वळणापेक्षा आशयास गुण द्यावेत.

त्यानंतर पालकांची भेट घ्यावी. या जिल्ह्यात पिंपळगाव सराई येथील सैलानीबाबांच्या दर्ग्यावर मनाने पीडित माणसांना दूरदूरच्या गावांहून आणले जाते. पालकांच्या श्रद्धेवर आघात करण्याचे कारण नाही. ‘दर्शन घ्या, परंतु डॉक्टरांनाही दाखवा,’ असे सांगितल्यास ते ऐकतात. भूतबाधेच्या नावाखाली मारहाण करणे वा साखळीने बांधणे हा मात्र २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे, हे त्यांस स्पष्ट सांगावे.

प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी वा शाळेत तपासणीस येणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक यांना ही टिपणे दाखवावीत. त्यांच्यामार्फत बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात अथवा अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला मिळविता येतो. २०२२ पासून चालू असलेल्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

उपचारात मुलास भीतीच्या प्रसंगास हळूहळू सामोरे जाण्यास व त्या वेळी ती कृती न करण्यास शिकविले जाते. प्रथम थोडी धूळ हाताला लागू द्यावयाची आणि हात न धुता काही वेळ थांबावयाचे. भीती आपोआप ओसरते, हा अनुभव मूल स्वतः घेते. हे काम तज्ज्ञाच्या मार्गदर्शनानेच व्हावे. गरज भासल्यास डॉक्टर औषधेही देतात. बहुतेक मुलांस यामुळे चांगला उतार पडतो.

लाजेमुळे हा विकार वर्षानुवर्षे लपून राहतो. वहीला पडलेले भोक आणि भेगाळलेली बोटे मात्र शिक्षकाच्या दृष्टीस रोज पडत असतात. त्या खुणा पाहून छडी उचलण्यापूर्वी शिक्षकाने मुलाला एक प्रश्न विचारला, तर कित्येक बालकांची वर्षे वाचतील.